अर्धा फेरा

लोटन, आधी चाकांना ओंडके लाव.
मग हँडब्रेक सोड, मग खाली ये.
उलट क्रमाने आलेले मी पाहिलेत,
त्यांच्याविषयी जेवणाआधी बोलत नाही.

देवास नाका. सकाळचे सहा.
पलीकडे पोह्यांवर जिरावण पडतंय,
इकडे वीस टनांचा ट्रान्सफॉर्मर
साखळ्यांत, अंग चोरून बसल्यासारखा.
तुला तो संध्याकाळपर्यंत शिरपूरला हवाय.
मला तो मानपूरच्या घाटाखाली हवाय,
शाबूत.
एवढाच आपला फरक.

या दोन नळ्या. लाल जीव राखते,
निळी हुकूम पोचवते.
जोडण्याआधी तोंडं फडक्याने पूस, बोटाने नाही.
आता ऐक. इंजिन बंद कर आणि ऐक.
सांध्यातून एवढीशी हवा जरी गुणगुणली
तरी मागचं धूड हुकूम उशिरा ऐकतं.
घोडा थांबतो, ते थांबत नाही.
मग गाडी मिटते अडकित्त्यासारखी
आणि सुपारी तू असतोस.

पाना दे. चौदाचा.
हा नव्हे, तो दांड्यापाशी झिजलेला.
बोल्ट फिरव. अस्तर ड्रमला टेकेपर्यंत फिरव.
हातोडीने वाजवून बघ:
ड्रम मुका झाला पाहिजे.
आता मागे ये, अर्धा फेरा.
पाना सहावर असेल तर बारावर.
पुस्तकात एवढंच आहे,
आणि पुस्तक लिहिणारा गाडीखाली कधी झोपला होता
मला ठाऊक नाही.

बायपासला लागलास की सपाट, रिकामी जागा बघ.
वीसचा वेग. पाय उचल.
फक्त हाताचा दांडा ओढ, मागच्या ब्रेकचा.
कसं वाटायला हवं?
बाहेर निघालेल्या बापाचा सदरा
पोराने मागून धरावा, तसं.
फाडू नये.
पण आहे, हे कळावं.
चाकं किंचाळली तर जास्त झालं.
काहीच कळलं नाही तर वळव गाडी, ये परत,
पैसे घेणार नाही.
येताना रिकामा येशील तेव्हा हाच दांडा हलक्या हाताने,
नाहीतर शेपूट झटकेल.
आणि घाटात तो धरून बसू नकोस.
खालचा गिअर वरूनच टाक, उतार दिसायच्या आधी.
जळक्या अस्तरांचा वास नाकात आला
म्हणजे ड्रमचा तवा होऊन गेलाय.

काय म्हणालास?
मालक म्हणतो मागचे ढिले ठेव?
अस्तर वाचतं, टायर वाचतो?

हो. वाचतो.

भुवानसिंगही हेच म्हणाला होता,
या इथेच, तुझ्यासारखाच उकिडवा बसून.
तेव्हा पाटीवर वडलांचं नाव होतं, तारे ब्रेक वर्क्स,
आणि मी पंचविशीत, शहाणा.
त्याने वीसची नोट पुढे केली.
मी सहाही चाकांना एकेक पूर्ण फेरा मागे दिला.
तो हसला, विडी पेटवली, गेला.

पुढचं मला माहीत नाही.
खरंच माहीत नाही, लोटन.
मार्ग बदलला असेल, मालक बदलला असेल,
सुनेच्या गावी शेती करत असेल.
दोन दिवस मी पेपर उघडला नाही,
तिसऱ्या दिवशी रद्दीत घातला.
नाक्यावर त्याच्या गाववाल्यांना
चहा पाजला कितीदा तरी,
विचारलं नाही.

तेव्हापासून माझा अर्धा फेरा
अर्ध्याहून जरासा कमी असतो.
पाना बारावर न जाता अकरापाशी थबकतो.
ड्रायव्हर कुरकुरतात, ताऱ्यांचे ब्रेक गरम होतात म्हणून.
होऊ देत. फोन करून शिव्या देतात,
म्हणजे घाटाखालून देतात.

चल, ऊठ.
दुसऱ्या बाजूची चाकं राहिलीत अजून.
पाना तूच धर,
मी हातोडी मारतो.
मुका झाला की सांग.