मेणाचं नाक

म्हापशात, बाजारामागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानात नोकरी.
भिंतभर आरसे. सकाळी ते मी पुसते
जुन्या पेपरने, तिरकी उभी राहून,
दुसऱ्याच्या घरात नजर जाऊ नये म्हणून
उंबऱ्यापाशी मान वळवतात, तशी.

नाकापासून सुरू झालं.
नववीत, डिचोलीच्या शाळेत, वर्गाचा फोटो आला तेव्हा.
आधी नाक, मग हनुवटी, मग डाव्या गालाचं हाड.
सगळे म्हणतात, बरी तर दिसतेस.
त्या 'तर'वर मी किती रात्री काढल्या आहेत.

मग एक दिवस, तसं काही घडलं नव्हतं,
एका बाईच्या कानामागे फ्रेमची काडी बसवताना
हात माझे नव्हते.
काम नीट करत होते. बोटांना सवय होती.
मी मागे, दीड हात मागे,
बघत होते: ही कोण, किती सफाईने हसते,
बावीसशे म्हणते, मशीन पुढे सरकवते.

आईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.
ठसका नाही आला, म्हणजे दृष्टच, ती म्हणाली.
ठसका आला होता.
फक्त मला नव्हता आला.

मिलाग्रिसच्या फेस्ताला दुकान अर्धा दिवस बंद.
देवळातले, इगर्जीतले, सगळे एकाच रांगेत
तेलाच्या बाटल्या घेऊन.
सायबीण लईराईची बहीण; ती कुणालाच परकी नाही.
कडेला पियेदाद मेणाचे अवयव मांडून बसलेली:
हात, पाय, पोट, डोळ्यांची जोडी, एक तान्हं मूल,
उन्हाने किंचित घामेजलेलं.
"कितें दुखता गे तुका?"
माझं बोट नाकाकडे निघालं, अर्ध्यात थांबलं.
दुखत नाही.
दुखलं असतं तर माझं असतं.

नाक नव्हतंच तिच्याकडे. डोकं घे, म्हणाली,
नाक त्यातच येतं. चाळीस रुपये.
चेहरा कुणाचाच नव्हता,
कानाजवळ साच्याची शिवण राहिलेली.
त्याचं नाक मी चाचपलं.
मग, का कोण जाणे, माझं.
दोन्ही कोमट.

रांग हलेना. मागच्या बाईची बाटली
माझ्या पाठीला टेकलेली.
मुठीत मेण मऊ पडत गेलं,
नाक जरासं डावीकडे कललं
आणि कुणीतरी मोठ्याने हसलं.
बाटलीवाली माझ्याकडे बघू लागली,
तेव्हा कळलं, कोण.

डोकं मी वाहिलं नाही.
फ्रिजमध्ये आहे, आगळाच्या बाटलीशेजारी.
आई विचारते, कुणाचं गं हे तोंड?
बघते, म्हणते मी,
आणि उद्यासाठी जुना पेपर
पिशवीत घालते.