खोलीचा आवाज

सर म्हणाले, एका रिकाम्या खोलीचं एक मिनिट आणा.
पंखा बंद. कुणी बोलायचं नाही.
संवादांच्या खाली अंथरायला लागतं ते.

विभागात रेकॉर्डर एकच, आम्ही चौदा जण.
माझी पाळी शनिवारी.
पाळधीला बस बदलून
धरणगावला पोचले तर दुपार.

आई बिबडे घालून नुकतीच आत आलेली.
तिला बाहेर पाठवायला हवं होतं,
पण ऊन मी म्हणत होतं.
म्हटलं, इथंच थांब, हलू नको.
ती थांबली, ओल्या हातांनी पदर सारखा करून,
फोटो काढतात तशी.

हेडफोनमध्ये
लांबच्या जिनिंगचा पट्टा,
पत्र्यावर वाळत्या बिबड्याची सुटलेली कड,
आणि एकेचाळिसाव्या सेकंदाला
तिनं धरून ठेवलेला श्वास.
मी कान मोकळे केले तेव्हा म्हणाली,
आते बोलू का?

सोमवारी सरांनी पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं.
इथं कुणीतरी आहे. काप.

कापलं.
एकोणसाठ सेकंद जमा केले.
उरलेला एक
सिकंदर तडवीच्या फिल्मखाली सरकवला,
जिथं त्याचा हिरो कुलूप काढून आत येतो
आणि म्हणतो,
घरात कुणीच नाही.