घोटा बोलत नाही

दुपारचे अडीच. सिव्हिलची मागची इमारत, खोली नऊ.
मधुसूदन वडके, वय बासष्ट, तांबट लेन.
साखर चौदा वर्षांपासून.
केसपेपरवर एवढंच.
बाकीचं त्यांनीच सांगितलं, मोजे काढता काढता:
परवा भट्टीतला निखारा पायावर पडला,
"आणि वास आला, ताई. आधी वास आला.
मी म्हटलं, कुणाचं काय जळतंय."

मी नसा मोजते. नोकरी आहे.
इथे चिमटा, तिथे पट्टी, मधलं अंतर टेपने,
बटण दाबलं की विजेचा एक ठोका
आणि पडद्यावर हिरवी रेघ टेकडी चढून उतरते.
उतरायला हवी.

पण आधी डॉक्टरांची रबरी हातोडी.
ती बघून काका हसले,
"हिने पापड तरी मोडेल का?"
गुडघ्याच्या वाटीखाली टक्,
आणि पाय उडाला. थोडासाच, पण उडाला.
"मी नाही हलवला," काका म्हणाले,
चोरी पकडल्यासारखे.

खरंय. तुम्ही नाहीच हलवला.
मांडीचा स्नायू केसभर ताणला गेला,
त्याची खबर कण्यात मागच्या दाराने आत,
हुकूम पुढच्या दाराने बाहेर,
मध्ये एकच उंबरा.
मांडीमागच्या स्नायूला तेवढ्यात सांगावा: तू ढिला पड.
मेंदूला नंतर कळतं,
माडीवरच्या मालकाला रात्री गल्ला मोजताना कळावं तसं
दुकानातून काय गेलं ते.

पन्नास वर्षं तापल्या पत्र्यावरून हात असाच उठला असेल,
"आई गं" तोंडात यायच्या आधी.
ते शहाणपण डोक्यातलं नव्हतं.
करंगळीएवढ्या जाड दोरीतलं होतं,
जी कमरेच्या जरा वरच संपते
आणि पुढे घोड्याच्या शेपटीसारख्या नुसत्या झिपऱ्या.

"तार तांब्याची असते का हो?"
नाही, काका. बाहेरून चरबीचं वेष्टण,
मधून मधून उघडी जागा,
निरोप त्या जागांवरून उड्या मारत जातो.
"म्हणजे आमची कल्हई उडाली."
कल्हई, आणि आतलं भांडंसुद्धा.
सगळ्यात लांबची नस आधी जाते, टोकाकडून.
सुरगाण्याकडच्या शेवटच्या पाड्याची एसटी
आधी बंद होते ना, तसं.
अंगठा म्हणजे तो पाडा.

टाचेवरच्या दोरावर हातोडी.
काही नाही.
"बोटं एकमेकांत गुंतवा, ओढा," डॉक्टर म्हणाले.
जीव हातांत गुंतला की कधीकधी पाय मोकळा होतो.
गुंतवली: काळी, नखं चपटलेली बोटं.
टक्.
घोटा बोलत नाही.

मग नादकाटा, टेबलावर आपटून
अंगठ्याच्या हाडावर टेकवलेला.
काकांनी मान कलती केली, डोळे मिटले,
नवा हंडा तपासतात तसे.
"स्वच्छ वाजतोय. चीर नाही कुठे."
कानाने नको, पायाने सांगा.
बराच वेळ गेला.
"पायाने… नाही."
घोट्यावर नाही.
नडगीवर, "गोदेच्या पलीकडे कुणी ठोकतंय, तेवढं."
गुडघ्यावर, "हां! आला."

माझी पाळी आली तेव्हा रेघ सरळ होती.
वीज वाढवली. अजून वाढवली.
मी लिहिलं: प्रतिसाद नाही.
सांगितलं, रोज रात्री तळवे आरशात बघा,
अनवाणी भट्टीपाशी नको.
"अनवाणी नाही तर भट्टी कसली," ते म्हणाले,
पण मान हलवली.

जाताना दारातल्या पाण्याच्या पिंपाला
सवयीने टिचकी मारली.
"निम्मं रिकामंय," कुणाला तरी म्हणाले.
मग जिना.
कठडा धरून, एकेका पायरीला
डोळ्यांनी हात लावत.