एकेचाळीस वाट्या

पानवाला मेहबूब विचारतो, पाव किलो चुना?
घर रंगवलालास का बे, नरसय्या?
मी म्हणतो, मका शिजवायचाय.
कुणाच्या तरी पानावर कात फिरवता फिरवता
तो हसतच राहतो.

पण खरंच आहे.
चुन्याच्या पाण्यात रात्रभर राहिला की मका साल सोडतो.
सकाळी चोळायचा, पिवळं पाणी ओतून द्यायचं,
दाणा तेवढा उरतो, उघडा, मऊ.
मग पाटा.
हे मला कोरिंतो बंदरात एल्बाबाईनं शिकवलं,
जिला माझं नाव शेवटपर्यंत जमलं नाही.
नार्सिसो म्हणायची.

जहाज अडकलेलं. मालकाचा फोन बंद.
पगार नाही, डिझेल नाही,
फ्रीजमधलं मटण कधी संपलं ते माशांनी कळवलं.
मी जहाजाचा कुक,
एकवीस माणसांच्या ताटाची काळजी करणारा,
रोज दुपारी गोदीबाहेर
तिच्या पत्र्याखाली जाऊन बसायचो.
ती वाटी ठेवायची
आणि दारावर खडूनं एक रेघ ओढायची.

लक्ष्मी मंडईत चायोटे मागितलं तर कुणी वळून बघत नाही.
बेंगलोर वांगं म्हटलं की
ढिगाच्या तळातून हिरवं, सुरकुतलेलं फळ वर येतं.
ईडलिंबू शेजारच्या परसातलं, विचारून तोडलेलं.
पुदिना दोन जुड्या.
शेंदरीच्या बिया मिळाल्या नाहीत,
तेलात हळद आणि लाल तिखट घातलं.
रंग जवळपास आला.
चवीचं एल्बाबाईला विचारावं लागेल.

मका, कोंबडीचा खिमा, पुदिना मळून
गोळे वळायला अक्का.
चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या, दिवसाला हजार.
तिची बोटं न बघता मोजतात.
एकही गोळा लहानमोठा नाही.
माझा पहिलाच फुटला,
रश्श्यात भुगा झाला.
आच कमी कर, ती म्हणाली,
आणि मला त्या पत्र्याखालचा हात आठवला,
स्टोव्हची वात खाली करणारा.
रस्सा कुजबुजला पाहिजे, ओरडता कामा नये.
मग एकेक गोळा तळाशी जातो, विचार करतो,
वर येतो.

रात्रपाळी सुटून माग चालवणारे सात जण आले.
दिवसरात्र खटखट ऐकून कान गेलेले,
घरातही ओरडून बोलतात.
ह्याला काय म्हणायचं, मामा?
सोपा.
सोपा?
पहाटे चारपासून अक्का पाट्यावर बसलीय,
आणि म्हणे सोपा!
हसता हसता गंगाधरला ठसका लागला.
सगळ्यांत आधी वाटी त्यानंच पुढं केली.

आमची सुटका झाली ती रात्री तीन वाजता.
वकिलातीची गाडी, कागद, घाईघाईत बूट.
तिचं दार बंद होतं.
बॅटरीच्या उजेडात रेघा मोजल्या,
एकेचाळीस.
खिशात एक कोर्दोबा नव्हता.
दारावर टकटकही केली नाही मी.

आता आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं
खडूच्या रेघा आहेत,
दर वाटीला एक.
एकेचाळीसच्या पुढं त्या केव्हाच गेल्यात.
अक्काला मोजता येतं.
ती हात धुते, पदराला पुसते,
दाराकडं बघते, माझ्याकडं बघते.
म्हणते, चुना संपत आलाय.