तीस जागा

विट्यात, नगरपालिकेच्या बंद दवाखान्यात
आमची शाळा जूनपासून भरणार.
भिंतीवर अजून पुसट दिसतं: लसीकरण, दर बुधवारी.
त्यावर आम्ही फळा टांगला,
तरी 'बुधवारी' तेवढं खालून डोकावतंच.

पालकांसाठी खुर्च्या साठ,
मंगल कार्यालयातून उसन्या, पाठीवर लाल फीत.
सहाला आले अकरा जण
आणि एक कुत्रं, जे शेवटपर्यंत बसलं.

मी बोललो. आरशासमोर पाठ केलं होतं.
फी नाही. इमारत पालिकेची, पगार सरकारचा,
शिकवायचं काय ते मात्र आम्ही ठरवणार:
व्याकरण, सुभाषितं, ओव्या,
भूमिती दोरीनं आणि खुंटीनं,
शुक्रवारी वाद, म्हणजे भांडण नव्हे,
रोज सकाळी अर्धा तास पाठांतर, पुस्तक मिटून.
जागा तीस. अर्ज जास्त आले
तर चिठ्ठ्या टाकू, सगळ्यांच्या देखत.
आणि बिस्किटांचा रिकामा डबा मी उंच धरला.
मोकळ्या खुर्च्यांकडे बघून
कुणीतरी खुदकन हसलं.

रेहाना शिकलगार यंत्रमागावर कांड्या भरतात.
हात वर न करताच म्हणाल्या,
"संस्कृत आमच्या पोरीला चालंल का?"
चालेल की, मी म्हणालो, घाईनं.
"तसं न्हाई. तुमच्या संस्कृतला
आमची पोरगी चालंल का?"

हे उत्तर पाठ नव्हतं.
मी फळ्याकडे वळलो.
बुधवारी.

मग जालिंदर हारुगडे उठले.
वीस वर्षं त्रिचूरला गलाई,
नखं ॲसिडनं पिवळी, गावी आलेत जत्रेपुरते.
"मास्तर, सोनं आम्ही कसाला लावतो.
दगडावर रेघ ओढली की कळतं.
तुमच्या ह्या शिकण्याला कस कुठला?"
वीस वर्षांनी कळेल, मी म्हणालो.
"आमच्यात उधारी वीस दिवसांची."
आता मात्र सगळेच हसले, मीसुद्धा.
ते हसले नाहीत. खाली बसत बोलले,
जरा स्वतःशीच:
"मल्याळम येतं मला. तमिळ येतं.
भाव, वजन, शिवी, एवढंच.
आई गेली तेव्हा भावाला फोन लावला
आणि एकाही भाषेत काही सापडंना."

चहा आला. कपांवर साय धरली.
इंग्रजी कितवीपासून, गणवेश कुठला,
विज्ञानाची खोली आहे का, छप्पर गळतं का,
मी उत्तरं देत राहिलो.
(छप्पर गळतं.)

मागं भिंतीशी निलोफर,
रेहानाबाईंची, नऊ वर्षांची,
माझी दोरी घेऊन बसली होती.
बारा सारख्या गाठींची, टोकं जोडलेली,
शेवटी दाखवायला म्हणून आणलेली.
तिनं ती फरशीवर ताणली,
एका गाठीत पायाचा अंगठा,
दुसरीवर चपलांचा जोड,
तिसरी बोटानं ओढून.
एक कोपरा सरकत सरकत
भिंतीच्या कोपऱ्यात नेला
आणि तो तिथं बसला, फट न राहता.

जालिंदर उकिडवे बसून बघू लागले.
"गवंडी अशीच धरतो बघ. कुणी सांगितलं तुला?"
"कुणी न्हाई. आधी जमंना.
मग तीन गाठी, चार गाठी, पाच गाठी."
"आणि दुसऱ्या कोपऱ्याला?"
"तिथं लागत न्हाई.
तिथं भिंतच वाकडीय."

दोन्ही कोपरे त्यांनी तपासले, दोरी हातात घेऊन.
खरंच वाकडी होती. पन्नास वर्षं
कुणाच्या लक्षात आलं नसावं.
मी काही समजावून सांगितलं नाही.

साडेसातला अर्ज मोजले: आठ.
डब्याचं कामच नव्हतं.
खुर्च्या रचता रचता पाहिलं तर
निलोफरनं वहीचा कागद फाडून
नाव लिहिलं, घडी घातली, डब्यात टाकली,
झाकण लावून कानाशी हलवली.
एकाच चिठ्ठीचा आवाज.

"काढा," म्हणाली.

मी हात पुसले
आणि डोळे मिटून काढली.