एका मिरचीची नोंद

एजी ऑफिसातून सुटलो तेव्हा
त्यांनी शाल दिली, घड्याळ दिलं,
आणि पहाटे साडेपाचची जाग
तेवढी परत घ्यायला विसरले.

म्हणून मग गच्चीवर काचघर.
हजिऱ्याच्या भंगारवाल्याकडून अकरा खिडक्या,
कुठल्याशा बंद गिरणीच्या.
एकीच्या लाकडावर अजून खडूनं लिहिलेलं : दुसरी पाळी.
कुमुद म्हणाली, माणसं मुलांसाठी खोल्या चढवतात,
तुम्ही मिरच्यांसाठी.
मग तीच खाली जाऊन
तेलाच्या रिकाम्या डब्यांना
तळाशी भोकं पाडत बसली.

बी तेजपूरहून आलं, भाच्याच्या पाकिटातून.
चौदा दाणे, चपटे, फिकट,
बघून वाटू नये यांच्या पोटात काही राग असेल.
ओल्या फडक्यात बांधून ठेवले
टीव्हीच्या डब्यावर, ऊब लागावी म्हणून.
अठरा दिवस काही नाही.
एकोणिसाव्या रात्री, बातम्या चालू असताना,
एक पांढरं शेपूट.

बंद घरात मधमाशी येत नाही.
नातीच्या रंगपेटीतला दोन नंबरचा ब्रश घेऊन
मी फुलाफुलाला शिवत गेलो,
कानटोपी घातलेला, दमेकरी भुंगा,
आणि वहीत लिहीत गेलो :
फुलं एकतीस. गळाली सव्वीस.
तफावत पाच.
छत्तीस वर्षांच्या नोकरीत
कुठल्या तफावतीवर असा जीव जडला नव्हता.

जानेवारीत ग्वाल्हेर पुसलं जातं.
आधी किल्ला, मग समोरची पाण्याची टाकी,
मग आपलाच पुढे केलेला हात.
आत शंभर वॅटचा दिवा लावून ठेवला होता,
रात्री दोनला वीज गेली.
कुमुद काही न बोलता उठली, पाणी तापवलं,
माझ्या गुडघ्यांची पिशवी आणि तिच्या पाठीची पिशवी
दोन्ही डब्यांना टेकवून ठेवल्या.
पहाटेपर्यंत आम्ही एका रजईत, काचेला लागून,
माझे गुडघे ठणकत, तिची पाठ ठणकत,
आणि आत झाडांना
बरं वाटत.

पिकली तेव्हा देखणी मुळीच नव्हती.
सुरकुतलेली, खडबडीत,
चिडलेल्या आत्याच्या नाकासारखी लाल.
शेजारचे राजावत म्हणाले,
‘हम भिंड के हैं, टोकेकर जी, मिर्च से क्या डरना.’
आणि अख्खी तोंडात टाकली.

मी घड्याळ बघितलं. सवय.
पहिलं मिनिट, काही नाही.
दुसऱ्यात कान.
तिसऱ्यात मिशी भिजली.
कुमुदनं दही आणलं, मग साय, मग गुळाचा खडा.
पंधराव्या मिनिटाला तिखट उतरायला हवं,
उतरलंच असावं,
कारण त्यांनी कपाळ पुसलं, वाटी नीट बाजूला ठेवली,
श्वास सावकाश झाला.
डोळे थांबले नाहीत.
पंचविसाव्या मिनिटालाही नाही.

दिवाळीत त्यांचा धाकटा भाऊ गेला.
घाटावर सगळ्यांना पाणी देत हिंडत होते,
लाकडांचे पैसे मिटवत,
कुणाची चप्पल कुठे राहिली ते बघत.
पक्का माणूस, लोक म्हणाले.
मीही म्हणालो होतो.

‘बड़ी तेज़ है,’ राजावत म्हणाले.
‘हाँ, बहुत,’ मी म्हणालो.
कुमुद आत गेली
आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

गुरुवारी बेल वाजली.
दारात राजावत, दाढी केलेली,
हातात घरून आणलेलं दही.

झाडावर चार होत्या.
संध्याकाळी वहीत लिहिलं, तीन.
पुढे कारणाचा रकाना.
पेन टेकवून बसलो बराच वेळ,
शाई पसरत गेली.
कुमुदनं जेवायला हाक मारली
तेव्हा वही मिटली,
तर ठिपका समोरच्या पानावरही उमटला,
जिथं फेब्रुवारी सुरू होतो.