नोंद क्रमांक एकेचाळीस

महापुरानंतर तिसऱ्या आठवड्यात
संग्रहालयाच्या तळघरातून तिला वर काढलं.
कानात गाळ,
निऱ्यांच्या घडीघडीत कृष्णा वाळलेली.

जुन्या रजिस्टरात जांभळ्या शाईनं :
‘रोमन. संगमरवर. धान्यदेवता असावी.’
त्या ‘असावी’वर मी अकरा वर्षं नोकरी केली.

हात कोपरापासून नाहीत.
उजव्या मांडीलगत फक्त एक खुंट,
बोटभर, तिरका.
मी म्हणायचो, कणसांची पेंडी.
पाटणकरबाई म्हणायच्या, मशाल.
पुण्याचे कुणी आले, भिंग लावून म्हणाले, साप.

तायाप्पा आंबी तिला उचलायला आलेला,
हरिपूरचा, पुरात नाव चालवून
तळहाताची सालं निघालेला.
ब्रशनं खुंट घासता घासता थांबला.
“दांडा हाय ह्यो, सायेब. सुकाणूचा.
बघा की, कशी रेललीया.
पाण्याकडं न्हाई बघत, पाण्याच्या पल्याड बघतीया.”

रात्री पुस्तकं काढली,
फुगलेली पानं एकमेकांपासून सोडवत.
सापडली. फोर्तुना, दैवाची देवी.
एका हातात फळांनी भरलेलं शिंग,
दुसऱ्यात सुकाणू.

दैव.
गावभाग पाण्याखाली होता तेव्हा
ती आमच्याच तळघरात उभी,
हात नसलेली.

‘धान्यदेवता’ खोडलं, ‘फोर्तुना’ लिहिलं,
पेन तसंच धरून बसलो,
ओल्या कागदावर शाई फुटत गेली.
मग पुढे लिहिलं, ‘असावी.’
ओळखणाऱ्याच्या रकान्यात :
तायाप्पा आंबी, नावाडी.

सकाळी त्यानंच विचारलं, कुठं ठिवायची हिला?
दुसऱ्या मजल्यावर, मी म्हणालो.